नाव वेगळे, उत्तर वेगळे

जयपूर शहराच्या जुन्या तटाबाहेर सी-स्कीम नावाची एक ऐसपैस वस्ती आहे. सर मिर्झा इस्माईल हे १९४२ ते १९४६ या काळात जयपूर संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या कारकीर्दीत शहराच्या विस्ताराच्या ज्या योजना आखण्यात आल्या त्यांना इंग्रजी मुळाक्षरांची नावे मिळाली. ही त्यांतील तिसरी. पुढे हिचे अशोकनगर असे नामकरण झाले, परंतु लोकांच्या तोंडी जुने अक्षरच टिकून राहिले. ह्या वस्तीतील एका रस्त्यास टिळक मार्ग असे नाव आहे (मराठी वाचकास ते वाचून क्षणभर आपल्याच गावी आल्यासारखे वाटावे), आणि ह्या रस्त्यावर योजना भवन ही सरकारी इमारत उभी आहे. राजस्थान राज्याचे आर्थिक व सांख्यिकी संचालनालय येथे आहे, आणि त्याच आवारात राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाचेही कार्यालय आहे.

ह्या शेजारी-शेजारी नांदणाऱ्या दोन कार्यालयांचा संबंध दोन निराळ्या जातींच्या याद्यांशी येतो. १३ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थान सरकारने ‘जन सूचना पोर्टल’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. कोणत्या गावात कोणास शिधा मिळाला, कोणास वार्धक्य-वेतन मिळते, रोजगार हमीच्या कामावर कोण कोण होते, हे तेथे नावानिशी पाहता येते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सरकारवर आपण होऊन माहिती मांडण्याचे जे कर्तव्य घातले आहे, त्याचेच हे पालन होय. तेथे नाव झाकले तर हेतूच फसेल. मयत माणसाच्या नावावर धान्य उचलले जात असेल तर ते नाव शेजाऱ्यांच्या दृष्टीस पडलेच पाहिजे. सांख्यिकी पाहणीची गोष्ट मात्र नेमकी उलट आहे. तेथे प्रगणक एखाद्या घराचे दार ठोठावतो, घरात कमावते किती, कर्ज किती, गेल्या वर्षात आजारी कोण पडले, असे प्रश्न विचारतो, आणि ज्या बाईने किंवा बुवाने त्यांची उत्तरे दिली त्यांच्या नावाशी त्या शास्त्राला काहीही कर्तव्य नसते. पहिल्या यादीत नाव हाच मजकूर असतो. दुसरीत नाव हे केवळ त्या घरापर्यंत पोहोचण्याचे साधन असते, आणि काम झाल्यावर बाजूला काढून ठेवावयाचे असते.

हे बाजूला काढणे आपल्याकडे बहुधा अहवाल छापण्याच्या वेळी होते. छापील पुस्तकात नावे नसली म्हणजे गुप्तता पाळली गेली, असा पुष्कळांचा प्रामाणिक समज आहे. परंतु छपाईच्या क्षणापर्यंत नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि उत्तरे ही एकाच पानावर, एकाच कपाटात किंवा एकाच यंत्रात पडून असतात, आणि धोका असतो तो ह्याच काळात. गुप्ततेचे वचन अधिकाऱ्यांच्या सज्जनपणावर विसंबून ठेवू नये. ते कागदांच्या मांडणीतच असे बसवावे की पुढे कोणी मोडू म्हटले तरी मोडता येऊ नये. पाहणीच्या पहिल्या दिवसापासून नावांची वही वेगळी आणि उत्तरांची वेगळी असली पाहिजे. दोहोंना जोडणारा एक अर्थशून्य अंक असावा आणि त्या अंकाची किल्ली तिसऱ्याच हाती असावी.

ह्या मागणीमागील निकड समजून घेण्यास जयपूरच्या दक्षिणेस सुमारे अडीचशे किलोमीटरांवर असलेल्या कोटा शहरात जावे लागेल. जानेवारी २०२० मध्ये तेथे आर्थिक गणनेचे काम करणाऱ्या एका स्त्री प्रगणकावर जमावाने हल्ला केला. आर्थिक गणनेत दुकाने, कारखाने, घरगुती उद्योग मोजावयाचे असतात. नागरिकत्वाशी तिचा संबंध नाही. परंतु त्या महिन्यांत नागरिकत्वाचा सुधारित कायदा आणि लोकसंख्या नोंदवही यांवरून देशभर वाद पेटलेला होता, आणि दारात येऊन नाव-गाव विचारणारी कोणतीही व्यक्ती लोकांस त्याच कामासाठी आलेली वाटू लागली होती. त्या बाईंवर झालेला अन्याय उघड आहे. रोजंदारीसाठी उन्हातान्हात हिंडणाऱ्या माणसाने मार खावा ह्यासारखी दुसरी लाजिरवाणी गोष्ट नाही. तथापि जमावाच्या मनातील प्रश्न मूर्खपणाचा होता असे म्हणून सोडून देता येणार नाही. ‘हे नाव येथून कोठे जाईल?’ हा तो प्रश्न होता, आणि त्याचे दाखवता येण्याजोगे उत्तर त्या प्रगणकाच्या हाती कोणी दिलेले नव्हते.

कायद्याचे उत्तर आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमान्वये जनगणनेच्या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि त्या कायद्याखालील गुन्ह्यांचा अपवाद सोडता त्या नोंदी न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्यातही माहिती देणाऱ्याची ओळख उघड न करण्याचे बंधन आहे. ही कलमे उत्तम आहेत. परंतु एका कायद्याने दिलेले दुसऱ्या कायद्याने काढून घेता येते, हे सामान्य माणूस जाणून असतो. त्याचे समाधान व्हावयाचे तर नाव व उत्तर यांची फारकत झालेली त्याला दिसली पाहिजे.

ती करता येते का? येते, आणि आपल्याच देशात अतिशय कठीण प्रसंगी ती करून दाखवण्यात आली आहे. मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधनाचे केंद्र म्हणून तिची स्थापना झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे सूत्रचालन ही संस्था करते. २००५-०६ साली झालेल्या तिसऱ्या पाहणीत १,०९,०४१ कुटुंबांची माहिती घेण्यात आली, आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या १,२४,३८५ स्त्रिया व १५ ते ५४ वर्षे वयाचे ७४,३६९ पुरुष यांच्या मुलाखती झाल्या. ह्या पाहणीत प्रथमच एक नाजूक गोष्ट करावयाची होती. एच.आय.व्ही. ह्या विषाणूची लागण देशातील सर्वसाधारण लोकांत किती आहे, हे रक्त तपासून ठरवावयाचे होते.

तोवरचे अंदाज मुख्यतः काही ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया व गुप्तरोगांचे रुग्ण यांच्या तपासणीवरून बांधलेले असत. त्या रीतीने २००५ साली देशात ५२ लाख लागण झालेले लोक असावेत असे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे अनुमान होते. दवाखान्यात येणारे लोक हे साऱ्या गावाचा नमुना नव्हेत, ही शंका संख्याशास्त्रज्ञांस होतीच. घरोघर जाऊन रक्त मागणे हाच तिच्या निरसनाचा उपाय होता. परंतु ज्या रोगाच्या नुसत्या उच्चाराने त्या काळी घर तुटे, नोकरी जाई, सून माहेरी धाडली जाई, त्या रोगाच्या तपासणीसाठी कोण आपले बोट पुढे करील?

यावर योजलेली पद्धत अशी होती. ज्याने संमती दिली त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचे काही थेंब गाळणकागदाच्या एका छोट्या पत्त्यावर घेतले जात. पत्त्यावर नाव नसे, पत्ता नसे, गावही नसे. फक्त एक बारकोड असे, आणि त्याचाच जोडीदार प्रश्नपत्रिकेवर चिकटवलेला असे. थेंब वाळले की पत्ता प्रयोगशाळेत जाई. प्रयोगशाळेस बारकोड ठाऊक, माणूस ठाऊक नाही. इकडे प्रश्नपत्रिका ज्यांच्यापाशी, त्यांस माणूस ठाऊक, रक्ताचा निकाल ठाऊक नाही. दोन्ही बाजू एकत्र आणण्याआधी मुलाखतींच्या नोंदींतील गावाचे व घराचे ओळख-अंक मुद्दाम विस्कटून टाकावयाचे, ओळख पटवणारी पाने नष्ट करावयाची, आणि मगच बारकोडावरून निकाल व उत्तरे जोडावयाची, असा क्रम होता. ह्या क्रमातच सारी खुबी आहे. आधी जोड आणि मग नाश, असे केले असते तर मधल्या काही दिवसांत सर्व काही जाणणारे एक तरी टेबल देशात राहिले असते. आधी नाश आणि मग जोड केल्याने तसे टेबल कधीच अस्तित्वात आले नाही.

एक लाखाहून अधिक लोकांनी रक्त दिले. १५ ते ४९ वयाच्या लोकांत लागणीचे प्रमाण ०.२८ टक्के निघाले. महाराष्ट्रात ते ०.६२ टक्के होते. ही पाहणी आणि दवाखान्यांतील तपासणी-केंद्रांचा वाढलेला विस्तार ह्या दोहोंच्या आधारे जुलै २००७ मध्ये देशाचा नवा अंदाज जाहीर झाला, तो सुमारे २५ लाखांचा होता. म्हणजे आधीच्या अर्ध्याहूनही कमी! कागद नष्ट करण्याची पद्धत नसती तर हा आकडा मिळाला नसता. लोक मुकाट्याने नाही म्हणाले असते, आणि नाही म्हणणाऱ्यांत कोण होते हे कधीच कळले नसते. नागालँडमध्ये स्थानिक विरोधामुळे रक्त घेताच आले नाही, ही गोष्टही येथे सांगितली पाहिजे. व्यवस्था चोख असली तरी तीवर विश्वास बसण्यास दुसरेही काही लागते.

आता ह्या व्यवस्थेची किंमत पाहू. ज्यांच्या रक्तात विषाणू सापडला त्यांना ते कळवता आले नाही. कळवणार कसे? कोणाचे रक्त हे सांगणारे पान उरलेच नव्हते. आपल्या शरीरात काय वाढते आहे हे न जाणता ती माणसे आपल्या कामास लागली असतील, त्यांतील काहींना वेळीच औषध मिळाले असते तर आयुष्य लाभले असते. सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली होती. ज्यास स्वतःची तपासणी हवी असेल त्याने कोणत्या केंद्रात जावे ह्याची माहिती दिली जाई हे खरे, परंतु माहितीचा कागद घेऊन केंद्राची पायरी चढणारे किती, हे कोणीही अनुमानू शकेल. नाव तोडण्याचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येकाने ह्या माणसांकडे सरळ पाहिले पाहिजे. त्यांच्यावरून नजर चुकवून केलेला पुरस्कार खोटा आहे.

आणि ह्याच पाहणीत ह्याचे उत्तरही दडलेले होते. त्याच भेटीत, तशाच बोट टोचून घेतलेल्या एका थेंबावरून रक्तातील हिमोग्लोबिनही मोजले जाई. हातात मावणाऱ्या उपकरणावर ते काही मिनिटांत कळे, आणि ते त्या बाईस तेथल्या तेथे सांगितले जाई. रक्तक्षय फार असेल तर दवाखान्यात जाण्यास बजावले जाई. एका थेंबाची बातमी उंबरठ्यावरच मालकास मिळाली, दुसऱ्याची कधीच मिळाली नाही. हा फरक नाव तोडल्यामुळे पडला नाही. तो तपासणीच्या तंत्रामुळे, आणि उंबरठ्यावर अशी बातमी देण्यास लागणारा शिकलेला माणूस बरोबर नसल्यामुळे पडला. पुढे आफ्रिकेतील अनेक देशांच्या पाहण्यांत घरीच चाचणी करून, समुपदेशकाच्या साक्षीने, निकाल त्या व्यक्तीस सांगण्याची रीत आली. तेव्हा नियम असा मांडता येईल: माणसाचे त्याला जे द्यावयाचे ते नाव तुटण्याआधी, समोरासमोर द्यावे, आणि मगच तोडावे. नंतर कधीतरी कळवू म्हणून नावे जपून ठेवणे हा दयेचा मार्ग दिसतो खरा. पण जपून ठेवलेली नावे दयेच्याच कामी येतील ह्याची हमी कोण देणार?

पश्चिम जर्मनीत ह्या प्रश्नावर साऱ्या राष्ट्राचा वाद झाला. एप्रिल १९८३ मध्ये व्हावयाची तेथील जनगणना लोकांच्या विरोधामुळे न्यायालयात गेली आणि स्थगित झाली. विरोधाचे एक प्रमुख कारण असे की, गोळा झालेल्या माहितीवरून नगरपालिकांच्या रहिवासी-नोंदवह्या दुरुस्त करण्याची तरतूद त्या कायद्यात होती. म्हणजे शास्त्रासाठी म्हणून घेतलेले उत्तर उद्या कचेरीच्या कामास येणार होते. १५ डिसेंबर १९८३ रोजी संघराज्याच्या घटना-न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली, आणि नाव-पत्ता यांसारखे केवळ साधनरूप तपशील मूळ उत्तरांपासून वेगळे करून, बंदोबस्तात ठेवून, शक्य तितक्या लवकर नष्ट केले पाहिजेत असे बजावले. ती जनगणना अखेर २५ मे १९८७ रोजी, नव्या कायद्याने झाली. चार वर्षे उशीर झाला म्हणून त्या देशाचे संख्याशास्त्र बुडाले नाही.

भारतात २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संशोधनास व संख्याशास्त्रास बरीच सूट देतो. अट एवढीच की, त्या माहितीच्या आधारे त्या विशिष्ट व्यक्तीसंबंधी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेले दंडक पाळले जावेत. ही अट वाचावयास लहान आहे. परंतु नाव व उत्तर एकाच ठिकाणी असताना ती पाळली जात आहे हे सिद्ध कसे करणार? निर्णय घेतला नाही असे म्हणणे आणि निर्णय घेणे शक्यच नव्हते असे दाखवणे, ह्यांत महदंतर आहे.

नाव झाकण्याचे काही सोपे उपाय प्रचारात आहेत, त्यांविषयी सावध केलेले बरे. पुष्कळ संस्था उत्तरांच्या वहीत दूरध्वनी क्रमांक तसाच न ठेवता गणिती रीतीने त्याचे एका लांबलचक अक्षरमालेत रूपांतर करून ठेवतात आणि आता तो ओळखू येणार नाही असे समजून स्वस्थ बसतात. परंतु आपल्याकडील भ्रमणध्वनीचा क्रमांक दहा आकडी असतो आणि त्याचा पहिला आकडा ६ ते ९ यांपैकी असतो. म्हणजे शक्य असलेले क्रमांक एकंदर ४०० कोटी. मनुष्यास ही संख्या प्रचंड वाटते. साधा संगणक ते सारे क्रमांक एकामागून एक त्याच रीतीने रूपांतरित करून थोड्याच तासांत जुळवून पाहतो. म्हणून जोडणारा अंक दूरध्वनी, आधार किंवा जन्मतारीख यांतून काढलेला नसावा. तो चिठ्ठी काढल्याप्रमाणे निव्वळ यदृच्छेने निघालेला असावा, आणि त्याची किल्ली उत्तरांच्या यंत्रात नसावी.

नाव गेले तरी उत्तरेच चुगली करतात, हेही खरे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधकांस दिल्या होत्या. १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी ह्या विद्यार्थिनीने केंब्रिज गावाची मतदार-यादी वीस डॉलरांस विकत घेतली, आणि जन्मतारीख, लिंग व टपाल-विभाग एवढ्या तीन गोष्टी जुळवून खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद शोधून काढली. आपल्या खेड्यांत तर इतकेही कष्ट नकोत; ‘पदवीधर, विधवा, शिवणयंत्र बाळगणारी’ एवढे म्हटले की गावाला ती बाई कळते. तेव्हा गाव व वय ढोबळ करून सांगणे हे पुढचे काम उरतेच. परंतु ते नाव तोडण्यास पर्याय नव्हे. पहिली भिंत बांधल्याखेरीज दुसरीचा उपयोग नाही.

क्षेत्रकार्य करणाऱ्या मंडळींचा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रगणक घरी न जाता झाडाखाली बसून कागद भरतो, हा अनुभव जुना आहे, आणि पर्यवेक्षकाने काही घरांस पुन्हा भेट दिल्याखेरीज तो पकडता येत नाही. शिवाय श्रमबलाच्या नियतकालिक पाहणीसारख्या कामात, जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या रचनेनुसार, निवडलेल्या प्रत्येक घरी लागोपाठ चार महिने जावयाचे असते. नाव-पत्ता जाळून टाकला तर दुसऱ्या महिन्यात जावयाचे कोठे? हे म्हणणे रास्त आहे. पण पर्यवेक्षकास घर सापडावयास हवे. त्या घराचे कर्ज किती हे त्याने घरी बसून वाचण्याचे कारण नाही. पुन्हा भेट देणाऱ्यास पत्त्यांची वही द्यावी, उत्तरांची देऊ नये. विश्लेषण करणाऱ्यास उत्तरांची द्यावी, पत्त्यांची देऊ नये. चौथी भेट संपून पडताळणी झाली की किल्ली नष्ट करावी. गैरसोय होईल हे कबूल. एखादे उत्तर संशयास्पद वाटले तर तीन माणसांच्या सह्या घेऊन दोन कपाटे उघडावी लागतील. तेवढी गैरसोय राहिलीच पाहिजे, तिच्यासाठीच ही सर्व मांडणी आहे.

योजना भवनाच्या बाबतीत एक प्रश्न शिल्लक राहतो. जेथे नावे उघड करणारा विभाग व नावे झाकणारे संचालनालय एकाच आवारात बसतात, तेथे ही किल्ली कोणाच्या ताब्यात असावी? ती माहिती-तंत्रज्ञान विभागाकडे सोपवणे कार्यालयीन दृष्ट्या सोयीचे होईल, कारण यंत्रे चालवणारी माणसे तेथे आहेत. परंतु लाभार्थ्यांच्या याद्या ज्याच्या हाती त्याच्याकडेच पाहणीची किल्ली देणे म्हणजे कोट्याच्या जमावाची शंका खरी करण्याची वाट मोकळी ठेवणे होय. ती संचालनालयातही विश्लेषकांपासून वेगळ्या, नाव घेऊन जबाबदार धरता येईल अशा एका अधिकाऱ्याकडे असावी, आणि तिच्या नाशाची तारीख पाहणी सुरू होण्यापूर्वीच जाहीर व्हावी. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरलेल्या जनगणनेसाठी प्रगणकांच्या हाती कागदाऐवजी भ्रमणध्वनी देण्याचे ठरले आहे. आर्थिक गणना, आरोग्य पाहणी, श्रमबल पाहणी यांचे प्रगणकही त्याच दारांत पुनःपुन्हा उभे राहणार आहेत. त्यांच्या ओळखपत्राच्या मागील बाजूस बरीच जागा कोरी असते. ‘आपले नाव व दूरध्वनी क्रमांक अमुक तारखेस नष्ट होईल, तोवर ते अमुक अधिकाऱ्याकडे, उत्तरांपासून वेगळे राहील,’ एवढ्या दोन ओळी तेथे सहज मावतील.